कालवांचे डोहाळे

एकनाथ वऱ्हाडपांडेला पोहता येत नव्हतं, आणि तो समुद्रात मोती पिकवायच्या नोकरीवर होता. यात काहीतरी चुकतंय असं त्याला सुरुवातीला वाटायचं. मग वाटेनासं झालं, कारण त्याच्या आयुष्यात काय काय चुकतंय ते बघायला बसलं तर पोहण्याचा नंबर फार खाली लागला असता.

तो मूळचा नागपूरचा. समुद्रापासून जमेल तितकं लांब राहायचं असं ठरवूनच वसवल्यासारखं ते शहर आहे. तिथून तो अमेरिकेत आला तोही ॲरिझोनात, चँडलरला, म्हणजे थेट वाळवंटात. चिप बनवायच्या कारखान्यात पांढरा झगा घालून, श्वाससुद्धा बेताने घेत, केसाहून बारीक वस्तू तिच्याहून बारीक जागी बसवायची, हे त्याचं काम. मग दोन हजार एक साली कंपनीने एका सकाळी त्याच्या अख्ख्या मजल्याला सांगितलं, घरी जा. व्हिसा कंपनीचा होता, त्यामुळे घर म्हणजे चँडलरचं अपार्टमेंट नव्हे, नागपूर.

त्या दिवसांत त्याने जिथे तिथे अर्ज टाकले. कुणी उत्तर दिलं नाही. उत्तर आलं ते एकट्या हवाई बेटांवरून, मोत्यांच्या एका फार्मवरून. मालकाचं नाव डॉक्टर हॅल. हा ओरेगनमधला निवृत्त दाताचा डॉक्टर. आयुष्यभर लोकांच्या तोंडात वाकून झाल्यावर आता उरलेलं आयुष्य शिंपल्यांच्या तोंडात वाकावं असं त्याच्या मनाने घेतलं होतं. फोनवर त्याने एकच प्रश्न विचारला.

"छोटी वस्तू छोट्या जागी नीट बसवता येते का तुला?"

"येते."

"मग ये. तू चिपवाला आहेस हे शिंपल्याला कळणार नाही."

काम सांगायला सोपं होतं. काळ्या काठाचा, ताटलीएवढा शिंपला किंचित उघडायचा. दाताच्या डॉक्टरच्या हत्यारांनी त्याच्या पोटात एक पांढरा मणी आणि दुसऱ्या शिंपल्याच्या कातडीचा तुकडा बसवायचा. मग त्याला परत समुद्रात टांगून दीड-दोन वर्षं वाट बघायची. शिंपल्याने मण्यावर थर चढवला तर काळा मोती. नाही चढवला तर मणी. तो मणीही साधा नव्हता. मिसिसिपीच्या खोऱ्यातल्या शिंपलीचा, जपानात कापून गोल केलेला, तिथून पुन्हा अमेरिकेत आलेला. म्हणजे मण्याला जितक्या सहज देशात येता-जाता येत होतं तितकं एकनाथला येत नव्हतं.

एकनाथने मणी बसवले. मग वादळ आलं आणि अर्ध्या दोऱ्या घेऊन गेलं. मग ऑक्टोपस आले. राहता राहिले एका मोठ्या कूलरमध्ये मावतील इतके शिंपले. आणि त्या शिंपल्यांवर मिसेस हिगाचा डोळा होता.

मिसेस हिगा ही होनोलुलूची म्हातारी मोत्यांची व्यापारी. फार्म हॅलच्या नावावर असला तरी भांडवल तिचं होतं. तिने निरोप पाठवला होता : शनिवारी येते. सगळे शिंपले माझ्यासमोर उघडायचे. मोती निघाले तर पुढचा हंगाम. नाही निघाले तर सोमवारी वकिलाला सांगून कंपनी बंद.

कंपनी बंद म्हणजे त्याच दिवशी एकनाथचा व्हिसा बंद, इन्शुरन्स बंद. आणि त्याची बायको उल्का आता अशा दिवसांत होती, की तिचं पोट बघून कुठलीही विमान कंपनी तिला दारातून परत पाठवेल. देशात राहू देणार नाहीत, विमानात बसू देणार नाहीत. तिसरा मार्ग समुद्राचा, आणि त्याचं आधीच सांगितलं आहे.

इथवर निदान आशा होती. पण मागच्या आठवड्यात एकनाथला राहवलं नाही, आणि हॅल गावात गेलेला बघून त्याने हळूच एक शिंपला उघडला. आत मणी होता. जसा बसवला तसा. पांढरा, गुळगुळीत, कोरा. जणू शिंपल्याने दोन वर्षं त्याच्याकडे नुसतं पाहिलं होतं.

तो मणी एकनाथने पँटच्या खिशात टाकला आणि कुणाला काही बोलला नाही. एकाच शिंपल्यावरून सगळ्यांची परीक्षा कशाला, असं तो स्वतःला समजावायचा. दिवसातून शंभर वेळा खिशात हात घालायचा. मणी तिथेच असायचा. बदललेला नसायचा.

उल्काची आई, अहिल्याबाई, बाळंतपणासाठी वेंगुर्ल्याहून आली होती. जावयाशी ती पुस्तकातल्यासारखी मराठी बोलायची, आणि चिडली की मालवणी. त्यामुळे ती कुठल्या मनःस्थितीत आहे हे ओळखायला एकनाथला तिच्या चेहऱ्याकडे बघावं लागत नसे. सामानात तिने मालवणी मसाला, कोकमं, तिरफळं आणि विळी आणली होती. विमानतळावर विळी बघून अधिकाऱ्याने विचारलं, हे कशासाठी? तिने जमिनीवर बसून, पाय दुमडून, नारळ खवून दाखवला. नारळ नव्हता, तो नुसता मनातल्या मनात. अधिकाऱ्याने सोडून दिलं.

उल्काला डोहाळे लागले होते. सुरुवातीला जांभळं, मग ओली माती, आणि आता कालवं.

"आईच्या हातची कालवांची आमटी," असं म्हणून ती रडायची. टीव्हीवर टूथपेस्टची जाहिरात लागली तरी, मधेच, आमटी.

एकनाथ पक्का शाकाहारी. कालवं म्हणजे काहीतरी कालवलेलं असावं, असा त्याचा बरेच दिवस समज होता. खडकाला चिकटलेला एक प्राणी असतो आणि तो लोक फोडून खातात, हे कळल्यावर त्याने पुढे चौकशी केली नाही.

"डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाची लाळ गळते," अहिल्याबाईने त्याला बजावलं होतं. "थांबतच नाही मग. शाळेत जाईपर्यंत लाळेरं बांधून फिरवावं लागतं."

"बघतो आई," एकनाथ म्हणाला होता. तो सगळ्यालाच बघतो म्हणायचा.

शुक्रवारी संध्याकाळी त्याने आणि हॅलने उरलेले शिंपले होडीतून आणले, खरवडून स्वच्छ केले. फार्मवरच्या टाकीचा पंप बंद पडला होता. मग शिंपले कूलरमध्ये ठेवले, वर ओलं गोणपाट टाकलं, आणि कूलर सावली बघून एकनाथच्या ट्रेलरमागे, स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवला. ट्रेलर फार्मच्याच आवारात होता.

अहिल्याबाईने खिडकीतून विचारलं, "काय आणलंत?"

"कामाचं आहे," एकनाथ म्हणाला, आणि आत जाऊन जेवला.

एवढंच. आई, ह्याला हात लावू नका, असं एक वाक्य जास्त बोलायला हवं होतं. पण ज्याच्या सात पिढ्यांत शिंपला ही खायची वस्तू नव्हती, त्याला ते सुचावं कसं? घरात टेबलावर पेचकस पडला असेल तर, आई हा खाऊ नका, असं कोण सांगतं?

सकाळी तो हॅलच्या ट्रकमधून विमानतळावर गेला. मिसेस हिगा एवढीशी होती. डोक्यावर उन्हाची टोपी, हातात पर्स, आणि पर्स कुणालाही धरायला द्यायची नाही. ट्रकमध्ये ती दोघांच्या मधे बसली आणि रस्ताभर काळ्या लाव्हाच्या माळाकडे बघत राहिली.

"वादळ," ती मधेच म्हणाली. "मागच्या वर्षी तू मला वादळ सांगितलंस, हॅल."

"खरंच आलं होतं."

"मग ऑक्टोपस."

"तेही खरे होते."

"चाळीस वर्षं मी मोती घेते. मोत्यांपेक्षा कारणं जास्त घेतली." मग ती एकनाथकडे वळली. "मणी तू बसवलेस?"

"हो."

"हात दाखव."

एकनाथने खिशातून हात काढला. तिने तो उलटासुलटा करून पाहिला, नागपूरला स्थळ बघायला आलेल्या काकूंनीसुद्धा पाहिला नसता असा, आणि म्हणाली, "हात चांगला आहे." एकनाथला वाटलं आपण आत्ताच, या ट्रकमध्येच, सगळं सांगून टाकावं. पण रस्ता संपला.

फाटकातून आत शिरताच हॅलने नाक वर केलं. "कसला वास आहे हा? फार छान आहे."

खोबऱ्याचा होता. भाजलेल्या कांद्याचा, तिरफळाचा. आणि त्याखाली आणखी कशाचा तरी, जो एकनाथने आयुष्यात कधी घेतला नव्हता पण ज्याच्याशी गेली दोन वर्षं तो रोज झटत होता. खरवडताना, उघडताना, दोऱ्या ओढताना हाताला येणारा तोच वास. फक्त शिजलेला.

तो ट्रक थांबायच्या आधीच उतरला.

ट्रेलरमागे कूलर उघडा होता. रिकामा. शेजारी शिंपल्यांच्या टरफलांचा ढीग, आतून मोरपिशी, उन्हात असा चमकत होता की एखाद्या कवीचं भागलं असतं. ढिगावर हॅलच्या हत्यारपेटीतला मोठा पेचकस ठेवलेला.

अहिल्याबाई दारात आली, पदराला हात पुशीत. चेहऱ्यावर समाधान. कानांत मोत्यांच्या कुड्या, घामाने चकाकणाऱ्या.

"आलात? पाहुण्यांनाही जेवायलाच बसवा. इथली कालवं केवढाली हो! आमच्याकडे नखाएवढी असतात. दोन पातेली झाली."

"बाप्पा," एकनाथ म्हणाला. "काय करून राहिले तुम्ही, आई?"

"म्हणजे?"

"ती मोत्यांची होती!"

अहिल्याबाईचा हात पदरातच राहिला. ती ढिगाकडे बघायला लागली, मग त्याच्याकडे. "मोत्यांची? मोती नव्हते त्यात. आम्ही काय मोती ओळखत नाही का? प्रत्येकात एकेक पांढरी गोळी होती. औषधाची असेल म्हटलं. ह्या देशात माणसांना इतक्या गोळ्या देतात, कालवांनाही देत असतील." आणि तिने ओट्यावरची वाटी आणून पुढे केली. "टाकल्या नाहीत मी. काढून ठेवल्यात."

वाटीत मणी होते. सगळे. पांढरे, गुळगुळीत, कोरे. एकावरही थर नाही. दोन वर्षांचं काम, हळद-तिखटाचा हात लागलेलं, आमटीच्या वाटीत.

तर हे असं होतं. एकाच शिंपल्यावरून सगळ्यांची परीक्षा करायला हरकत नव्हती.

बाहेर हॅल आणि मिसेस हिगा ट्रकमधून उतरत होते. टोपी दिसली, पर्स दिसली. आणि माणूस जितका मूर्ख असू शकतो तितकं असायचा क्षण एकनाथच्या आयुष्यात आला. त्याने तिच्या हातातली वाटी घेतली, आत शिरला आणि सगळे मणी उकळत्या आमटीत ओतले.

"अहो!" अहिल्याबाई ओरडली.

"कोकम टाकलंय ना यात?"

"टाकलंय."

"भरपूर?"

"जावई, तुम्हाला बरं वाटतंय ना?"

"आई, ऐका. यात काळे मोती होते. तुम्ही न बघता शिजवले. कोकमाच्या आंबटाने वरचं सगळं काळं गेलं, आतला मणी राहिला. एवढंच म्हणायचं. नाहीतर सोमवारी उल्काला घेऊन आपण कुठे जायचं ते मला माहीत नाही. दवाखाना नाही, विमान नाही, काही नाही."

अहिल्याबाईने पळी खाली ठेवली. मग अगदी हळू म्हणाली, "माज्या चेडवाक?" माझ्या मुलीला, असं, मालवणीत. पण ती चिडलेली नव्हती. म्हणजे मालवणी चिडण्याशिवायही असते, हे एकनाथला त्या दिवशी कळलं.

आतल्या खोलीतून उल्काचा झोपेतला आवाज आला, "आई, झाली का गं आमटी?"

मिसेस हिगाने ढीग पाहिला. रिकामा कूलर पाहिला. हॅलने दोन्ही पाहिले आणि तो पायरीवर बसला, एखाद्या पेशंटला भूल चढावी तसा. एकनाथने सांगितलं, जसं ठरवलं होतं तसं, पण उलटसुलट. सासूबाई, गैरसमज, कूलर, कोकम. ऐकून झाल्यावर मिसेस हिगा म्हणाली, "भात आहे का?"

भात होता. चौघं टेबलाभोवती बसले. उल्का खुर्ची मागे सरकवून बसली, कारण तिच्या आणि टेबलाच्या मधे आता बाळ होतं. अहिल्याबाई वाढत होती आणि बसत नव्हती. एकनाथने ताटात भात घेतला आणि त्याकडे बघत राहिला. हॅल जेवत होता, कारण दुसरं काय करणार. उल्का खात होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, तिखटाने की सुखाने ते तिलाही सांगता आलं नसतं. काय चाललंय याचा तिला पत्ता नव्हता.

कट्.

मिसेस हिगा चावायची थांबली. तिने दोन बोटांनी तोंडातून मणी काढला, पाण्याच्या पेल्यात बुडवला, रुमालाने पुसला आणि खिडकीतल्या उजेडात धरून फिरवला.

"पट्टे दिसतात," ती म्हणाली. "आतून. नदीतल्या शिंपलीचे. हा मिसिसिपीतून आलाय आणि अजून तसाच आहे."

"ॲसिड," हॅल पटकन म्हणाला. एकनाथने त्याला काही शिकवलं नव्हतं. बुडणाऱ्याला शिकवावं लागत नाही. "कोकमात ॲसिड असतं. मी आयुष्यभर कोला पिणाऱ्यांचे दात बघितलेत, मिसेस हिगा. वरचा थर असा जातो."

"वरचा थर गेला आणि मणी राहिला?"

"हो."

"दोन्ही एकाच मालाचे, हॅल. आंबटाला कसं कळलं कुठे थांबायचं?"

हॅलने भाताचा मोठा घास घेतला. दाताचे डॉक्टर तोंड भरलेल्या माणसाला प्रश्न विचारतात, उत्तर येणार नाही हे माहीत असून. आज ती पद्धत त्याच्या कामी आली.

मिसेस हिगा एकनाथकडे वळली. "तुझ्या सासूला विचार. तिने शिंपले उघडले तेव्हा आत काय होतं?"

एकनाथने अहिल्याबाईकडे पाहिलं. "आई, ती विचारतेय, शिंपल्यांत काय होतं." आणि त्यापुढे, त्याच आवाजात, भाषांतर चालू असल्यासारखं, "तुम्हाला वाटेल ते सांगा. खोटं बोला असं मी म्हणणार नाही. मघाशी म्हणालो, ते चुकलं."

उल्काचा हात ताटात थांबला. "काय चाललंय तुमचं?"

"गप बस गो तू. जेव," अहिल्याबाई म्हणाली. मग तिने पदर खोचला, मिसेस हिगाच्या समोर जाऊन उभी राहिली आणि बोलायला लागली. दोन्ही हातांनी बोलली. मोती काळे होते. काळेभोर. जांभळाएवढे, नाही, छोट्या लिंबाएवढे. वर मोराच्या मानेचा रंग. एकेक असा, की तिने स्वतः वेंगुर्ल्याच्या सोनाराकडेही पाहिला नव्हता. मूर्ख बाई मी, म्हातारी झाले, डोळे गेले, पातेल्यात टाकले. पोरांचा काही दोष नाही.

ती थांबली तेव्हा मिसेस हिगाने एकनाथकडे मान वळवली.

"काय म्हणाली?"

एकनाथने हिशेब केला. लिंबाएवढा मोती जगाच्या इतिहासात झालेला नव्हता. "ती म्हणते," तो म्हणाला, "लहान होते. पण बरे होते."

"एवढं बोलली ती, आणि चार शब्द?"

"मराठी लांब असते."

मिसेस हिगा अहिल्याबाईकडे बघत राहिली. अहिल्याबाईला ते बघणं सोसेना. आणि मग तिने असं काही केलं, जे कुणी ठरवलं नव्हतं. तिने हात कानाशी नेले. एका कुडीची फिरकी काढली, मग दुसरीची, आणि दोन्ही कुड्या टेबलावर, मिसेस हिगाच्या ताटाशेजारी ठेवल्या. पांढऱ्या मोत्यांची दोन फुलं. मोती जुने, किंचित पिवळसर झालेले.

"हे वाचले म्हणून सांगा," ती एकनाथला म्हणाली. "इथलेच आहेत म्हणावं. ठेव म्हणावं तिला. पण चार महिने थांब म्हणावं."

"आई, हे पांढरे आहेत. आपले काळे."

"मग सांगा कोकमानं पांढरे झाले!"

"आई!" उल्का उठायला गेली आणि उठू शकली नाही. "त्या आजीच्या कुड्या आहेत!"

एकनाथला भाषांतर करवेना. पण मिसेस हिगाला त्याची गरज पडली नाही. तिने एक कुडी उचलली, टोकाचा मोती ओठांआड नेला आणि पुढच्या दातावर हलकेच घासला, खरा मोती दाताला किरकिरा लागतो म्हणून. डोळे मिटून, चव घ्यावी तसा. मग दुसरी. मग दोन्ही परत होत्या तिथे ठेवल्या.

"हे इथले नाहीत," ती म्हणाली.

"नाहीत," एकनाथ म्हणाला. खिशात हात घालून त्याने मागच्या आठवड्याचा मणी काढला आणि कुड्यांशेजारी ठेवला. "इथला हा आहे. मी आधीच एक उघडून पाहिला होता. सगळे असेच असणार हे मला माहीत होतं. सासूबाईंनी काही बिघडवलं नाही. बिघडवण्यासारखं आत काही नव्हतंच. मीच नीट बसवले नसतील."

हॅलने चमचा खाली ठेवला. त्याला धक्का बसला होता की सुटल्यासारखं झालं होतं, हे कळायला मार्ग नव्हता. त्याने फक्त एकनाथच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढला.

"चाळीस वर्षांत मला सगळं सांगितलं लोकांनी," मिसेस हिगा म्हणाली. "वादळ, चोर, रोग. एकाने देवमासा सांगितला. आमटी पहिल्यांदाच." तिने ताटाकडे पाहिलं. "पण तिने शिजवले कशासाठी? इतके सगळे, न विचारता?"

मग एकनाथला डोहाळे समजावून सांगावे लागले. इंग्रजीत त्याला शब्द सापडेना. गरोदर बाईला एखादी गोष्ट खावीशी वाटते, असं त्याने सुरू केलं, आणि ती द्यावीच लागते, आणि नाही दिली तर बाळाची लाळ गळते, असं संपवलं. बोलता बोलता त्याला जाणवलं की कंपनी बुडवायचं यापेक्षा वाईट कारण कुणी व्यापाऱ्याला दिलं नसेल.

मिसेस हिगा हसली नाही.

"माझ्या दुसऱ्या मुलाची गळायची," ती म्हणाली. "पाच वर्षांचा होईपर्यंत. मी तेव्हा अननसाच्या कारखान्यात होते. दिवसभर अननस हातात, आणि मुकादम एक फोड खाऊ द्यायचा नाही. मी नवऱ्याला म्हटलं, याच्यामुळे. तो म्हणाला, खुळी आहेस." तिने आमटीचा एक घास घेतला. "मुकादमाला मी आत्तापर्यंत तोंडातल्या तोंडात शिव्या देते."

तिने रुमालाने हात पुसले.

"फार्म बंद होणार, हॅल. यात आता एक डॉलर घालणार नाही मी."

"समजलं," हॅल म्हणाला.

"तुलाही समजलं?" तिने एकनाथला विचारलं.

"समजलं." त्याने ताटातला कोरडा भात गोळा करून मधे आणला.

"पण बंद करायचं म्हणजे सह्या लागतात. सह्यांना वकील लागतो. माझा वकील सुट्टीवर जाणार आहे."

"कधी येईल परत?"

मिसेस हिगा उल्काकडे वळली. "डॉक्टरने तारीख कुठली दिलीय?"

उल्काने सांगितली.

"त्यानंतर महिनाभराने येईल," मिसेस हिगा म्हणाली. "थकलेला असतो तो, जास्तच सुट्टी घेतो. तोपर्यंत कंपनी आहे, इन्शुरन्स आहे. त्यापुढचं तुमचं तुम्ही बघा. हॅल, विमान चुकेल माझं. आणि ही आमटी डब्यात भरून दे."

अहिल्याबाई इतका वेळ एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. आता तिने एकनाथची बाही ओढली. "काय म्हणता ती?"

"म्हणते, तिचा वकील सुट्टीवर जातोय. आपल्या बाळंतपणासाठी."

"वकील बाई आहे?"

"बाप्या आहे."

अहिल्याबाईने कपाळावर हात मारला. "काय हा देश!"

मग तिने घाईघाईने डबा शोधला, दोनदा भरला आणि दोनदा सांडला. मिसेस हिगा निघताना दारात थांबली, टेबलावरच्या कुड्या उचलून अहिल्याबाईच्या तळहातावर ठेवल्या आणि तिची बोटं मिटवली. "तिला सांग, व्यापाऱ्यासमोर पुन्हा कधी कानातलं काढू नको. परत देणारा व्यापारी एकच असतो, आणि तो झाला."

ट्रक गेला. उल्का ताटात उरलेले मणी कडेला सारत आमटी संपवत होती. तिला आता सगळं कळलं होतं, आणि ती रडत होती, आणि थांबत नव्हती, ना रडायची ना खायची. फार्म जाणार होता, नोकरी जाणार होती, आणि बाळाला घेऊन नागपूरला जायचं की पुन्हा कुठल्या चिपच्या दारात उभं राहायचं, हे अजून ठरायचं होतं. फक्त ते आजचं राहिलं नव्हतं.

अहिल्याबाई आरशासमोर कुड्या घालत होती. फिरकी बसेना. एकदा खाली पडली. ती टेबलाखाली शोधून एकनाथने उचलली आणि धुतली.

"द्या, आई. मी लावतो."

"तुम्ही? जावयानं?" पण ती मान वळवून उभी राहिली.

त्याने श्वास रोखला, चँडलरला रोखायचा तसा. दांडा भोकातून अलगद पलीकडे नेला, फिरकी धरली, आणि ती पहिल्याच वेढ्यात आटे पकडून फिरत गेली.

"बसली," तो म्हणाला. "दुसरा कान द्या."